नऊ वाजून चौदा मिनिटांचा चंद्र

रायपूरच्या गुढियारीत, मालधक्क्याच्या अलीकडच्या गल्लीत, पिंपळापुऱ्यांच्या घरी काहीही बिघडलं की आरोपी एकच असे. दूध उतू गेलं, नळाला पाणी आलं नाही, अंडरब्रिजखाली ई-रिक्षावाला उलट्या बाजूने घुसला आणि अर्धा तास सगळी गल्ली तुंबली, तर नरहर पिंपळापुरे डोक्यावरची टोपी सारखी करत निकाल देत, "कलियुग आहे बाबू. चालायचंच."

आरोपी सोयीचा होता. तो हजर होत नसे, उलट उत्तर देत नसे आणि अजून चार लाख सव्वीस हजार आठशे त्र्याहत्तर वर्षं कुठे जाणारही नव्हता. हा आकडा नरहररावांना तोंडपाठ होता. कलियुगाची एकूण वर्षं चार लाख बत्तीस हजार. त्यातली यंदाच्या पाडव्याला पाच हजार एकशे सत्तावीस संपणार. शेजारच्या साहू किराणावाल्याने एकदा चुकून विचारलं होतं, "काका, ये कलजुग खतम कब होही?" नरहररावांनी तिथल्या तिथे वजाबाकी करून दाखवली. साहू म्हणाला, "हव, त उधारी बंद नई होय अभी." आणि गिऱ्हाइकाकडे वळला. नरहररावांना ते दिवसभर लागून राहिलं.

या आरोपीशी त्यांची ओळख झाली त्याला एकतीस वर्षं झाली होती. तेव्हा ते रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. पोती मोजणं, वॅगनचा नंबर टिपणं, कुठली गाडी किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली ते मिनिटासकट लिहिणं, हे काम त्यांनी असं केलं की साहेब लोक स्वतःची घड्याळं त्यांच्या वहीवरून लावत. मग बढतीची यादी लागली. तीत नाव निघालं ते त्यांच्या हाताखालच्या माणसाचं. त्या माणसाने आयुष्यात कधी बरोबर वेळ लिहिली नव्हती, पण साहेबांच्या घरी गॅस सिलिंडर मात्र वेळेवर पोचवला होता. त्याच आठवड्यात पाडवा आला. गुढियारीच्या महाराष्ट्र स्नेहमंडळात पंचांग वाचणारे जोशीबुवा आजारी पडले आणि कोणीतरी म्हणालं, "नरहरचा आवाज चांगला आहे." नरहररावांनी पंचांग उघडलं. पहिल्याच पानावर कलियुगाचा हिशेब होता. बुडत्याला काडी सापडावी तसं झालं. चूक साहेबाची नव्हती, यादीची नव्हती, आपली तर नव्हतीच नव्हती. चूक युगाची होती.

तेव्हापासून दर पाडव्याला मंडळाच्या स्टेजवर नरहरराव. संवत्सराचं नाव, राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती आढक, आणि मग पाऊण तास कलियुगाची लक्षणं. लोक पाणी विकत घेतील. शिजवलेलं अन्न बाजारात मांडतील. केस राखले की झाले देखणे. हे शेवटचं वाक्य म्हणताना ते मंडळाचे अध्यक्ष श्यामकांत वैरागडे यांच्याकडे बघत, कारण अडुसष्टाव्या वर्षी श्यामकांतचे केस कोळशासारखे होते.

पाडव्याला तीन आठवडे उरले असताना तेच श्यामकांत घरी आले. चहा प्यायले, दुसरा कपही प्यायले. नरहरराव समजले की बातमी वाईट आहे.

"नरहर, यंदा कमिटीत विषय निघाला होता."

"कोणता?"

"तुझा."

"मी का विषय आहो का बे?"

"पंचांगवाचनाचा रे. लोकं बोअर होऊन राहिले. मागच्या वर्षी तू कलियुग सुरू केलं अन् अर्धा हॉल उठून पुरीच्या लाइनीत लागला. पोरांले तं मराठी समजतच नाही. कमिटी म्हणते, पंचांग बंद करा, त्याच्या जागी योगावाल्या मॅडमले बोलवा."

"पाडव्याले योगा?" नरहररावांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. "पाहा. हेच. हेच लिहून ठेवलंय."

"मी भांडलो तुझ्यासाठी," श्यामकांत घाईने म्हणाले. "सात मिनिटं भेटली आहेत. पण काही कामाचं सांग. वेळा सांग, तारखा सांग. कलियुग पुरे. अन् यंदा लोकं उठले नं, तर पुढच्या साली मी काही करू शकत नाही. पहिलेच सांगून ठेवतो."

एकतीस वर्षं पंचांग वाचणारा माणूस सात मिनिटांवर आला. श्यामकांत गेल्यावर नरहरराव टोपी हातात घेऊन बसले. घरात त्यांचं कोणी ऐकत नसे, हे त्यांना ठाऊक होतं. मुलगा शिशिर नवा रायपूरला मंत्रालयात; सकाळच्या बसने जाई आणि परत आल्यावर त्याचं बोलणं फक्त मोबाइलशी होई. नात निधी सायन्स कॉलेजात. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीतच येई. मालधक्क्यावर आता त्यांना गेटवाला अडवत असे. उरलं होतं ते वर्षातून एकदा मिळणारं स्टेज आणि माइक. तेवढं गेलं की संपलं.

"कामाचं सांग म्हणे," ते बायकोला, सुशीलाबाईंना, म्हणाले. "मी एकतीस वर्षं का बिनकामाचं सांगून राहिलो होतो?"

सुशीलाबाई मेथी निवडत होत्या. "चतुर्थीच्या चंद्राच्या वेळा सांगा न. बाया ऐकतील."

हे मात्र नरहररावांना पटलं. आणि ते त्यांच्या घरचंच काम होतं. दर संकष्टीला चंद्रोदयाची वेळ मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहिण्याचं व्रत त्यांनी एकतीस वर्षं पाळलं होतं. फळा गेला तेव्हापासून मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, जास्वंदाच्या फुलाच्या चित्रासह. यंदा अधिक मास, म्हणजे तेरा संकष्ट्या. तेरा वेळा सात मिनिटांत सहज बसत होत्या. मग शेवटच्या दोन मिनिटांत हळूच कलियुग. श्यामकांत काय माइक ओढून घेणार होता?

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. मुंबईहून छापून येणारं, रायपुरात तात्यापाऱ्यापासून गुढियारीपर्यंत प्रत्येक मराठी घरात लटकणारं. सुवाच्य अक्षरात तेरा वेळा उतरवल्या. रेल्वेत लिहीत तशा, मिनिटासकट.

मधल्या शुक्रवारी फाल्गुनातली संकष्टी आली.

सुशीलाबाईंना दोन वर्षांपासून शुगर होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, जास्त वेळ उपाशी राहायचं नाही. त्यांनी बाकीचे उपास सोडले, संकष्टी सोडली नाही. दिवसभर थोडी भगर, थोडं ताक, आणि रात्री चंद्र पाहून जेवण. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, मालधक्क्याच्या बाजूला. तिकडे मालगाड्यांचं मोकळं यार्ड, त्यामुळे आभाळ रुळापर्यंत खाली दिसे.

नऊला दहा कमी होते. मोदक झाकून ठेवले होते. सुशीलाबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या, कपाळावर घाम होता.

"उगवला हो," त्या म्हणाल्या.

"नऊ चौदा," बाहेरच्या खोलीतून नरहरराव म्हणाले.

"अहो, दिसून राहिला मले. डब्यांच्या वर आला चांगला."

"नऊ वाजून चौदा मिनिटं. लिहिलेलं आहे."

हे संभाषण त्या घरात नवीन नव्हतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि पहिल्याच संकष्टीला, नव्या नवरीने, याच खिडकीतून चंद्र दाखवला होता. तेव्हा तरुण नरहररावांनी विचारलं होतं, "छापलेलं खोटं अन् तुझी खिडकी खरी?" नवरीने मोदक पुन्हा झाकून ठेवले. पुढे पंचांगवाचन सुरू झाल्यावर त्यांना याहून भारी उत्तर सापडलं. कलियुगात ऋतू वेळ पाळत नाहीत, माणसं पाळत नाहीत, तर चंद्रही आगाऊ निघतो. आपण मात्र शास्त्राला धरून राहावं.

सुशीलाबाई खुर्ची ओढून बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. ठाण्याला दिलेली त्यांची धाकटी बहीण, सरोजिनी. संकष्टीच्या दिवशी दोघी बहिणी चंद्राची वाट बघत गप्पा मारत.

"काय गं, आवाज असा काय तुझा? जेवली नाहीस?"

"नाही न. नऊ चौदाले."

"आमच्याकडेही नऊ चौदाच. अजून कुठे पत्ता नाही. अंधार आहे नुसता."

"पत्ता नाही?" सुशीलाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. "आमचा तं केव्हाचा आला. चांगला वर आहे."

"तुमच्याकडे आधीच येणार ना गं ताई. तुम्ही पूर्वेला केवढ्या लांब! तुमची सकाळसुद्धा आमच्याआधी होते. तू काय आमच्या वेळेने जेवतेस की काय?"

फोन स्पीकरवर होता. बाहेरच्या खोलीत नरहररावांचं डोकं वर झालं. निधीने कानातला इयरफोन काढला, मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाली, "आजोबा, रायपुर में आठ अड़तीस है. नौ चौदह तो मुंबई का है."

"मोबाइलवाले काहीही सांगतात."

"कैलेंडर में भी लिखा है. नीचे देखो. छोटे में."

नरहररावांनी चष्मा लावला. खाली, मुंगीच्या अक्षरात, खरंच होतं: चंद्रोदय मुंबईचा. त्यांनी कपाटातलं पंचांग काढलं. दर वर्षीसारखी पुढची पानं हाताळून हाताळून मऊ पडली होती. मागची मात्र कोरी करकरीत होती. शेवटून तिसऱ्या पानावर गावांची यादी होती, मुंबईच्या वेळेत किती मिनिटं मिळवायची किंवा वजा करायची त्याची. नागपूर होतं. जबलपूर होतं. रायपूर, वजा छत्तीस.

मालधक्क्यावर असताना एका स्टेशनची वेळ दुसऱ्या स्टेशनच्या वहीत कोणी लिहिली असती, तर याच माणसाने त्याची तक्रार केली असती.

डोकं तसंही आकड्यांचंच. अडतीस वर्षं, अधिक मास धरून चारशे सत्तर संकष्ट्या, प्रत्येकी छत्तीस मिनिटं. उत्तर न मागताच समोर येऊन उभं राहिलं. जवळजवळ पावणेबारा दिवस. एवढे दिवस बायको उगवलेल्या चंद्रासमोर उपाशी बसली होती.

आत ताटाचा आवाज झाला. सुशीलाबाईंनी चंद्राला ओवाळलं होतं आणि त्या जेवायला बसल्या होत्या. नऊला पाच कमी. नरहरराव दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या तोंडात वाक्य तयार होतं. कलियुग आहे, असं त्या वाक्यात होतं. ते काही केल्या बाहेर निघेना.

"बसा न," सुशीलाबाई म्हणाल्या. "की तुमाले नऊ चौदाले वाढू?"

त्यानंतरचे बारा दिवस नरहररावांनी चिडचिडीत काढले. चिडायचं कोणावर हे ठरेना, म्हणून सगळ्यांवर. कॅलेंडरवाल्यावर, एवढं बारीक कशाला छापतात. सरोजिनीवर, अडतीस वर्षांत हिला आजच बोलायचं होतं. स्वतःवर चिडायची सवय नव्हती; ते जमायला वेळ लागला. त्यात श्यामकांतचा फोन, "सात मिनिटं, लक्षात आहे नं?"

सोपा रस्ता होता. तेरा वेळांतून गुपचूप छत्तीस वजा करायचे आणि वाचायचे. कोणाला काय कळणार होतं? कागद नवा केला, वेळा नव्या लिहिल्या. पण मंडळातल्या तीस-चाळीस घरांतल्या बायका डोळ्यांसमोर येत. फळ्यावरची आपली वेळ बघून त्याही उपाशी बसल्या असतील. त्यात कोणी म्हातारी, कोणी पोटुशी. एकतीस वर्षं. सांगितलं तर स्टेज गेलं, पंचांगवाला गेला, लोक तोंडावर हसतील. नाही सांगितलं तर झोप येईना.

"सांगू का स्टेजवर?" त्यांनी पाडव्याच्या सकाळी बटण लावताना विचारलं.

सुशीलाबाई गुढीला साखरेची गाठी बांधत होत्या. "मले काय विचारता? माझं तं जेवण झालं."

मंडळाचा हॉल भरला होता. मागे पुऱ्या तळल्या जात होत्या, आणि तो वास हा नरहररावांचा जुना वैरी होता. पोरं मागच्या भिंतीला टेकून मोबाइल बघत होती. श्यामकांत यांनी ताजे रंगवलेले केस सांभाळत माइक दिला आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

"कलियुगाची पाच हजार एकशे सत्तावीस वर्षं गेली," नरहरराव म्हणाले, आणि मागच्या दोन रांगा सवयीने उठल्या. त्यांचं बोट कागदावर थांबलं. "बसा," ते म्हणाले. "बसा जरा. मी एकतीस वर्षं तुमाले चुकीची वेळ सांगितली."

उठलेल्या रांगा अर्धवट उभ्या राहिल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. मुंबईची वेळ, रायपूर वजा छत्तीस, मागचं पान जे कधी उघडलं नाही ते. तुमच्या घरच्या बाया माझ्या फळ्यापायी उपाशी राहिल्या, मी माफी मागतो, असं म्हणून हात जोडले. तेलात पडणारी पुरी ऐकू येत होती.

मग दुसऱ्या रांगेतून तात्यापाऱ्याच्या मीरा बुटी उभ्या राहिल्या. जिल्हा कचेरीतून रिटायर झालेल्या, आवाज खणखणीत.

"पण काका, उपाशी कोण राहत होतं?"

"म्हणजे?"

"आम्ही तं गच्चीवर जाऊन पाहतो अन् जेवतो. चंद्र काय फळ्यावर उगवते का? तुमची वेळ पाहून कोण बसते हो!"

हॉल फुटला. बायका पदरात तोंड लपवून हसू लागल्या. कोणी म्हणालं, "आमच्या सासूबाई तं म्हणायच्या, नरहरची गाडी नेहमी लेट." पुन्हा हशा. मागची पोरं मोबाइल खाली करून बघू लागली, काय चाललंय म्हणून. नरहरराव माइक धरून उभे होते. गेले बारा दिवस ज्या चाळीस उपाशी बायकांनी त्यांना झोपू दिलं नव्हतं, त्या सगळ्या समोर बसून हसत होत्या, आणि त्यांच्यापैकी एकही कधी उपाशी नव्हती.

एक सोडून. ती पाचव्या रांगेत बसली होती आणि तिच्या मांडीवर नैवेद्याचा डबा होता. ती हसत नव्हती. ती त्यांच्याकडे बघून, जाऊ द्या, अशी मान हलवत होती.

कलियुगाची दोन मिनिटं तशीच राहिली.

"जमलं यार," खाली उतरल्यावर श्यामकांत पाठीवर थाप मारत म्हणाले. "किती वर्षांनी लोकं हसले. एकही उठला नाही. पुढच्या साली पण तूच. असंच काहीतरी आण."

स्टेज वाचलं होतं. ज्यासाठी तीन आठवडे जीव टांगला होता ते पदरात पडलं होतं, आणि नरहररावांना ते श्यामकांतच्या डोक्यावर आपटावंसं वाटत होतं. श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून ते सुशीलाबाईंना घेऊन निघाले. अंडरब्रिजपाशी ई-रिक्षा उलट्या बाजूने घुसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"साऱ्या जेवत होत्या," ते म्हणाले. "तू काहून थांबत होती मग?"

"अन् कोणी पाहिलं असतं तं?" सुशीलाबाई म्हणाल्या. "साऱ्यांनी जेवलं तं चालते. पंचांगवाल्याचीच बायको पहिले जेवली, हे चाललं असतं का तुमाले?"

नरहररावांनी बायकोच्या हातातला डबा स्वतःकडे घेतला. बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते अडतीस वर्षं उशिरा होतं.

चैत्रातली संकष्टी आली. रायपूरची वेळ नऊ वाजून नऊ मिनिटं. नरहररावांनी साडेआठलाच पाट मांडला. नऊ नऊला ताट वाढून तयार.

"चल. झाली वेळ."

सुशीलाबाई खिडकीत होत्या. "दिसला नाही अजून."

"नऊ नऊ आहे. आता बरोबर आहे, रायपूरची आहे."

"असेल. पण दिसला नाही न. यार्डात धूळ आहे सारी."

"अगं, उगवला आहे तो! शुगर खाली जाईल तुझी. जेव."

"मी पाहूनच जेवीन," सुशीलाबाई म्हणाल्या. "वेळ पाहून लय जेवली."

नऊ अकरा. नऊ बारा. नरहररावांनी घड्याळाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, बायकोच्या कपाळाकडे पाहिलं, आणि काहीतरी पुटपुटत जिन्याकडे निघाले. गुडघे कुरकुरत होते. गच्चीवर ते वर्षभरात गेले नव्हते. कठड्याला धरून त्यांनी यार्डावरच्या धुळीत डोळे बारीक केले. काहीच नव्हतं. सिग्नलचा लाल दिवा, डब्यांची काळी रांग, आणि तिच्यावर मळकट आभाळ. मग एका डब्याच्या टपावर कोणीतरी तांब्याचं ताट कलतं ठेवल्यासारखं काहीतरी दिसलं. ते वर सरकलं.

"उगवला!" नरहरराव गच्चीवरून ओरडले. शेजारच्या गच्चीवरून साहूची बायको वाकून बघू लागली. "सुशीला! उगवला गं! जेव!"

"किती वाजले?" खालून आवाज आला.

घड्याळ खाली भिंतीवर होतं.

"मले काय माहीत," नरहरराव चिडून म्हणाले. "दिसून राहिला न!"